हौदातले पाहुणे

चौऱ्याऐंशीच्या श्रावणातली गोष्ट. मंजुळा भाजीसाठी अळूची पानं खुडायला मागच्या अंगणात आली, तर कुंपणापाशी एक तरुण उभा — हातात रॉकेलचा डबा. भांडुपच्या त्या चाळीत शेजारच्या खोलीत नुकताच राहायला आलेला श्यामकांत. मलेरियाची साथ होती, म्हणून साचलेल्या पाण्यात रॉकेल ओतायचं काम चाळीच्या कमिटीनं त्याच्या गळ्यात मारलं होतं.

मंजुळाच्या हौदात मात्र बेडकांची एक जोडी येऊन राहिली होती. त्यांना चढता-उतरता यावं म्हणून तिनं आत विटा रचल्या होत्या, सावलीला कौल टेकवलं होतं. आता पाण्यात इवली काळी पिल्लं शेपट्या हलवत फिरत होती.

"यांना मारू नका ना," ती म्हणाली. "पाहुणे आहेत माझे."

"आणि डास?"

"अळ्या मी गाळून काढीन… रोज."

तो हसला. "मग गाळण्या दोन लागतील."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटल्यावर तो खरंच चहाची गाळणी घेऊन आला. मग रोजच येऊ लागला. दोघं हौदावर वाकून अळ्या काढायची. एकदा डोकी आपटली, आणि दोघंही उगाचच कितीतरी वेळ हसत राहिली. सगळी पिल्लं सारखीच दिसतात, असं ती म्हणाली, तेव्हा तो पाण्याकडे न बघता म्हणाला, "मला एक वेगळी दिसते."

आणि एकाएकी तो यायचा थांबला. त्याला थंडीताप भरलाय, असं आईकडून कळलं, तशी मंजुळा उठली. तिनं स्टोव्हजवळची रॉकेलची बाटली उचलली आणि हौद गाठला. पिल्लं विटांभोवती खेळत होती… तिचे डोळे भरून आले. बूच काढलं —

"थांब, मंजुळा."

चादर पांघरून श्यामकांत कुंपणाला टेकला होता.

"माझ्या हट्टापायी ताप आला तुला," ती म्हणाली.

"कारखान्यात अर्धी माणसं तापानं पडलीत. तिथूनच आणला असणार मी." त्यानं चादर सावरली. "मुंबईत आल्यापासून संध्याकाळी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं गं. आता आहे, असं वाटतं… खोटं असेल तर सांग."

मंजुळानं बाटली खाली ठेवली.

"बघते," ती म्हणाली. "रोज बघते."

मागून आई पेजेचा वाडगा घेऊन आली. तो त्याच्या हातात देत म्हणाली, "बरा झालास की पुढच्या दारानं ये. आईवडलांना घेऊन."

ती माणसं आली, सुपारी फुटली. तोवर पिल्लांना पाय फुटून ती अळवात पांगली होती. मंजुळा हौदाकाठी बसली. आभार मानायचे, पण कुणाचे, कसे… तिनं पाण्यात हात बुडवला. मागे राहिलेलं एक पिल्लू तिच्या बोटाला हलकेच लागलं.

"सावकाश जा," ती त्याला म्हणाली. "घाई नाही."