डाव्या सीटचं वजन

नेकनूरच्या गुंडप्पांना रस्त्यात कुणी हात केला आणि ते न थांबता पुढं गेले, असं आजवर झालेलं नव्हतं. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, पण माणूस ओळखला जायचा लिफ्टसाठी. स्कूटर होती तेव्हा मालकासकट शेळी बसवून आणलेली. एकदा हात करणारा वाहतूक पोलीस निघाला, तर त्यालाही घरी सोडून आले. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पुढचं त्याहून अवघड आहे.

या गुंडप्पांनी उन्हाळ्यात नगरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. विलायती, लाल, पळायसाठीच बनवलेली. नाक लांब, टप कापडी, सीटा दोनच, आणि इतकी बुटकी की आत बसलं की रस्ता ढुंगणाला लागतो की काय असं वाटावं. जामखेड मागं पडेपर्यंत ती अशी पळाली की गुंडप्पा एकटेच हसत होते. पाटोद्याच्या पुढं माळावर, भर बाराच्या उन्हात, लिंबाखालून एक हात वर झाला. त्यांनी सवयीनं गाडी बाजूला घेतली, वाकून डावं दार उघडलं.

लिंबाखाली कुणी नव्हतं.

पान हलत नव्हतं. ओल्या राखेसारखा वास येत होता. दार उघडून लगेच ओढून घेणं बरं दिसत नाही, म्हणून गुंडप्पा जरा थांबले. मग दार लावलं, पहिला गिअर टाकला. गाडी जागची हलेना. हलली तीसुद्धा चिखलातून रेडा निघावा तशी. काटा चाळीसच्या वर गेला की मात्र एकदम सुटायची. वेग उतरला की पुन्हा तीच ओढ.

"पिकअपच न्हाई बघ," म्हणत त्यांनी गाडी सिद्धाराम मिस्त्रीच्या दारात लावली.

सिद्धारामनं कार्बोरेटर खोलला, प्लग बदलले, क्लच पाहिला. ब्रेक घासतात की काय म्हणून चारी चाकं उचलून फिरवली. ती भिंगरीसारखी फिरली. शेवटी न्यूट्रलमध्ये टाकून दोघांनी मागून रेटा दिला. सपाट जागा, तरी गाडी ढिम्म. तिसऱ्या रेट्याला हलली, आणि हलल्यावर एका बोटानं ढकलावी इतकी हलकी.

"अप्पा, गाडीत काय खराबी न्हाई."

"मग कावून ओढती?"

सिद्धाराम हात पुसत राहिला. "आमचा आजा गाडीवान होता. म्हणायचा, वाटंत बैलगाडी जड झाली की समजायचं, कुणीतरी बसलंय. गाडीवानाला ते काय करत न्हाई. जो पाव्हणा शेवटी उतरंल, त्याच्या मागं उतरतं."

"तू मिस्त्री हायेस का मांत्रिक बे?"

"मांत्रिक असतो तर असा ग्रीसमधी लोळलो असतो का?"

दोघं हसले. पण गाडीजवळ उभं राहून कुणी फार वेळ हसलं नाही.

गुंडप्पांची मुलगी वर्षाराणी पोलीस भरतीच्या मागं होती. गेल्या वेळी थोडक्यात हुकली, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच भरती. शंभर मीटरला तिची सुरुवात अशी की शिट्टी आधी की ती आधी, हे सांगता येऊ नये. गॅरेजमधून गाडी आणली त्या संध्याकाळी गुंडप्पा तिला सरावाच्या मैदानावर घेऊन निघाले. त्या गाडीच्या डाव्या सीटवर बसलेलं ते पहिलंच माणूस. जाताना गाडी कण्हत गेली. येताना मात्र ती दुसऱ्या मुलीच्या मागं सायकलवर आली, आणि गुंडप्पा एकटे, बाणासारखे. सिद्धारामच्या हाताला यश आलं म्हणून त्यांनी त्याला पेढे दिले.

घरी पोरगी तोंड पाडून बसली होती.

"काय झालं?"

"अप्पा, शिट्टी झाली अन् पायच उचलंनात. मागून कंबरेला कुणी मिठी मारल्यावानी… मग एकदम सुटलं. पण तवर समद्या पुढं गेलत्या."

डॉक्टर झाले, तेल झालं. रोज तेच. सकाळी ती खाटेवरून उठायची ते दोन्ही हात टेकून, म्हातारीसारखी; आणि एकदा उठली की अंगणात भरभर. गुंडप्पा दारातून बघत राहायचे. बाहेर लाल गाडी उभी, पिसासारखी हलकी.

चाचणीच्या दिवशी त्यांनी पहाटेच मुलीला गाडीत घातलं. दार लावलं आणि पहिल्याच गिअरला कळलं. गाडी पुन्हा रेडा झाली होती. वर्षाराणी खिडकीबाहेर बघत होती. गुंडप्पांनी तिच्या आणि दाराच्या मधल्या फटीकडं बघायचं टाळलं.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर पिशवी घेतलेल्या एका पोरीनं हात केला. आयुष्यात पहिल्यांदा गुंडप्पांनी थांबायचं नाही असं ठरवून पाय दाबला. पण गतिरोधकावर वेग उतरला होता. गाडी वेग घेईना. पोरगी आपली चालत चालत बरोबरीला आली.

"काका, बस थांबलीच न्हाई. भरतीला चालले."

"अप्पा, थांबा की," वर्षाराणी म्हणाली. "आमी दोघी दाटून बसतो."

करिष्मा तिचं नाव. पाटोद्याकडची. आत सरकून बसली, वर्षाराणी दाराकडं. घाट उतरेपर्यंत दोघींची बडबड चालली होती, गोळा किती जातो, कोणत्या बुटाला पकड असते. गुंडप्पांच्या कानात मात्र एकच वाक्य घुमत होतं, गाडीवानाच्या नातवाचं.

बीडला मैदानाच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली. "वर्षा, उतर पटकन, रांग लागलीय."

ती उतरली. करिष्माही सरकू लागली.

"तू बस, पोरी," गुंडप्पा गोड आवाजात म्हणाले. "तुला पुढं सावलीत सोडतो."

"लई उपकार, काका."

चार पावलांवर सावली होती. तिथं ती उतरली. उतरताना दाराला धरून क्षणभर थांबली, जणू साडीचा काठ अडकावा तशी. तिच्या अंगात ट्रॅकपँट होती. मग गाडी पार्किंगकडं वळली ती नुसत्या क्लचवर, पाण्यासारखी.

वर्षाराणी अशी पळाली की शेजारच्या कुणातरी पोरीच्या बापानं शिट्टी मारली. गुंडप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसेपर्यंत पुढची तुकडी रेषेवर वाकली होती. शिट्टी झाली. साऱ्या सुटल्या. एकच पोरगी रेषेवर वाकलेली राहिली, आणि मान वळवून आपल्याच खांद्याला काहीतरी हळू आवाजात विनवत होती. मग तीही सुटली, सगळ्यांच्या मागून, भयंकर वेगात.

वर्षाराणीचा गोळा राहिला होता. ती मैत्रिणींबरोबर जीपनं येणार होती. गुंडप्पा एकटेच उन्हात गाडीपाशी आले, तर करिष्मा उभी. रडलेली नव्हती.

"फाट्यापर्यंत सोडता का, काका?"

न्हाई म्हणायला तोंड उघडलं, पण त्या शब्दाची जिभेला सवयच नव्हती. त्यांनी होकाराची मान डोलावली.

करिष्मानं दार उघडलं, पण बसली नाही. दार धरून बाजूला झाली, घरातल्या थोर बाईला आधी वाट द्यावी तशी.

"सावकाश," ती म्हणाली. "डोकं लागंल."

गुंडप्पा समोर बघत राहिले. डाव्या सीटचं जुनं कातडं करकरलं, आणि गाडी हळूहळू त्या बाजूला झुकली.

"आमी दोघी दाटून बसतो, काका," करिष्मा म्हणाली, आणि उरलेल्या कडेवर अंग चोरून बसली.