आरशाला लागलेलं कुंकू

दुर्वाची आई चंद्रावरच्या तळावर कामाला गेली, त्याला सात महिने झाले होते. आज खंडेनवमी. संध्याकाळी साडेसातला आई तिथून हिरवा लेसर तीनदा लुकलुकवणार होती आणि दुर्वा तो अप्पाआजोबांच्या मोठ्या दुर्बिणीतून बघणार होती. सगळं ठरलं होतं. अन् चार वाजता दुर्वा बाईसाहेबांनी घोळ घातला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, हे तिला पक्कं ठाऊक. आजोबांचं हत्यार म्हणजे दुर्बीण. मग काय, झेंडू वाहिला आणि नळीत हात घालून थेट तळच्या आरशालाच हळदकुंकवाची बोटं लावली. शेजारी धोंडू, म्हणजे घरचा यंत्रमानव, ढिम्म उभा. त्याच्या मनाईच्या यादीत धूळ होती, दव होतं, पालीची लेंडीसुद्धा होती, हळदकुंकू नव्हतं. दुर्वाने डाग पुसायला ओढणीचं टोक उचललं, तेव्हा मात्र त्याने तिचं मनगट धरलं. पुसणं यादीत होतं.

अप्पाआजोबा आले तेव्हा ती मुसमुसत होती. "आता आई दिसणार नाही," एवढंच म्हणाली.

आजोबा रागावले नाहीत. घरच्या आरशाचा मुलामा काचेमागे लपलेला असतो, ते सांगू लागले. दुर्बिणीच्या आरशाचा मात्र पुढे, उघडा. अॅल्युमिनियमचा थर, केसाहून शेकडो पट पातळ. पुसलं की धुळीचे कण त्यावर ओरखडे काढतात. डाग धुता येतो, ओरखडा जन्माचा सोबती. म्हणून नुसती धूळ असती तर त्यांनी हातही लावला नसता. पण कुंकू करताना हळदीत चुना घालतात, आणि चुना अॅल्युमिनियम खातो. पुसायचं नाही अन् ठेवायचंही नाही, अशी पंचाईत.

धोंडूने साबणाच्या दोन बाटल्या आणल्या. आजोबांनी दोन वाट्यांत हळदीचं पाणी घेतलं आणि एकेकीत एकेक थेंब टाकला. पहिली वाटी लालभडक झाली. तो साबण अल्कधर्मी (चुन्याच्या गुणाचा) निघाला, म्हणून बाद. दुसरी पिवळीच राहिली.

"म्हणजे हळदीचं कुंकू होतं ते असंच," दुर्वा डोळे पुसत म्हणाली. आजोबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

आरसा बाहेर काढून आधी दाबला की हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने सुटी पूड उडवली. मग ऊर्ध्वपातित पाणी (वाफ थंड करून मिळवलेलं, क्षार नसलेलं) ओतून, त्यात साबणाचा थेंब घालून आरसा भिजत ठेवला. शेवटी ओला कापसाचा बोळा नुसत्या त्याच्याच वजनाने एकदा ओढायचा आणि टाकून द्यायचा. दाबायचं नाही. दुर्वाने श्वास रोखून बोळा ओढला. कुंकू निघून गेलं. पुन्हा तसलंच ताजं पाणी ओतलं आणि आरसा तिरका उभा करून निथळू दिला. वाळल्यावर आजोबांनी विजेरी धरून तो निरखला. एकही ओरखडा नव्हता. मग त्यांनी तो परत नळीत बसवला. दुर्वाच्या जिवात जीव आला.

साडेसातला नवमीच्या चंद्राच्या अंधाऱ्या कडेवर हिरवा ठिपका लुकलुकला. एकदा, दोनदा, तीनदा. दुर्वा हसली आणि रडलीही.

आजोबा म्हणाले, तळावरच्या दुर्बिणीलाही धूळ बसते, अन् तिथली धूळ इथल्यापेक्षा धारदार. तो आरसा कोण धुणार, याचीच आईला काळजी.

"मी जाईन," दुर्वा म्हणाली. "तोवर तिला सांगा, पुसू नकोस म्हणावं."

धोंडूने यादीत हळदकुंकू घातलं. दुर्वाने उरलेलं कुंकू नळीला बाहेरून लावलं.