ढिगाऱ्यावरचा जीवखडा

आमच्या क्वार्टरच्या मागच्या खिडकीतून खाणीचा ढिगारा दिसतो. कोळशापर्यंत पोचण्याआधी वरची जी माती, मुरूम, दगड काढावे लागतात, ते सगळं वीस वर्षं इथे आणून ओतलं आणि त्याची टेकडी झाली. माजरीकडून येणाऱ्या नवख्या माणसाला ती खरीच टेकडी वाटते. पण तिच्यावर झाड धरत नाही. खालच्या अंगाला विलायती बाभूळ तेवढी उगवते. रंजूचे बाबा डंपर चालवतात, त्यामुळे या टेकडीतला बराच भाग त्यांनीच आणून टाकलेला. "तुह्या बाबानं डोंगर बांधला," असं ते रंजूला कडेवर घेऊन खिडकीतून दाखवायचे. ती तेव्हा तेरा महिन्यांची होती. मामा, काका, बाबा असे तीन शब्द तिला येत, आणि घरात येणाऱ्या कुठल्याही परक्या पुरुषाला ती काका म्हणायची.

सव्वीस जानेवारीला या ढिगाऱ्याचं कारगिल व्हायचं. दोन हजार सालापासून दरवर्षी. झेंडावंदन, मग जिलेबी, मग अकरा वाजता लढाई. हे सगळं उभं करायचे ते क्लबचे सचिव बापूजी. ते टाइम ऑफिसात कारकून होते, फौजेत कधी नव्हते. पण त्या दिवशी गळ्यात दुर्बीण घालून ते असे चालायचे, की आपण जरा बाजूला व्हावं. बंदुका खाणीतल्या सुताराने फळ्यांच्या केलेल्या, बॉम्ब म्हणजे दिवाळीचे उरलेले सुतळीबॉम्ब. आजूबाजूच्या गावांतून लोक ट्रॅक्टर भरून येत. भेळेच्या गाड्या लागत. शत्रू व्हायला मात्र कोणी तयार नसे, म्हणून ते काम ठेक्यावरच्या मजुरांना मिळे आणि पब्लिक त्यांना मनापासून शिव्या देई.

२००३ साली शहीद व्हायची पाळी रंजूच्या बाबांची होती.

"मरायचंच काम काऊन घेतलं तुम्ही?" मी त्यांच्या बाहीवर पट्टी शिवता शिवता विचारलं.

"तेच तर मेन काम आहे. बाकीचे नुसते पळते. मले दहा मिनिटं सगळं पब्लिक पाहते."

"दहा मिनिटं मेलेलं पाहते."

"बारावी सायन्स नं तू?" ते हसले. "नाटकात मेल्यानं माणूस मरते काय?"

मीही हसले आणि धागा दातांनी तोडला.

त्या दिवशी मांडवात मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, शहिदाची बायको म्हणून. शेजारी अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. भद्रावतीजवळच्या खेड्यातल्या. त्यांचा नवरा खरोखर फौजेत होता आणि बर्फात कुठेतरी गेला. दरवर्षी बापूजी त्यांना जीप पाठवून आणत, शाल-नारळ देत. हातातली शाल त्यांनी अजून घडीतच ठेवली होती.

"दरवर्षी येता तुम्ही," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले. "बरं वाटत असन नं, लोक आठवण ठेवते म्हणून."

त्यांनी रंजूच्या पायातला सुटलेला मोजा नीट केला. "आठवण नाई ठेवत, असं नाई म्हणत मी. पण दरवर्षी तो तिथी पडते, अन् हे टाळ्या वाजवते. मग भेळ खाते. मी घरी जाऊन दोन दिवस झोपत नाई." मग वर ढिगाऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुहा माणूस आहे आज तिथी?"

"हो."

"मंग तू टाळ्या नको वाजवू."

वर धूर झाला. सुतळीबॉम्बचे आवाज ढिगाऱ्यावर आपटून दुप्पट होत होते. रंजूने माझ्या पदरात तोंड खुपसलं. झेंडा लागला, भोंग्यावर "आपला मिथुन" म्हणताना बापूजींचा आवाज भरून आला, आणि रंजूचे बाबा ठरल्याप्रमाणे पडले. फार छान पडले. सगळा मांडव हळहळला. मला खरंच अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

मग तिरडीसारखं स्ट्रेचर खाली येऊ लागलं. त्याला चौघे हवे होते. चौथा ऐनवेळी आला नाही, म्हणून बापूजींनी रामाजीला लावलं होतं. रामाजी नदीकाठच्या गावातला म्हातारा. पंचक्रोशीत कोणाकडे मयत झाली की बांबू बांधायला, पुढे चालायला त्यालाच बोलावतात. चाळीस वर्षं त्याचे हात तेच करत आले.

अर्ध्या उतारावर रामाजी थांबला. बाकीच्या तिघांना त्याने नुसतं मानेनं खुणावलं. स्ट्रेचर खाली टेकवलं. पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले. प्रेताला विसावा देतात, तसंच. प्रॅक्टिसमध्ये हे नव्हतं. मग तो वाकला, पायाजवळचा एक खडा उचलला, उपरण्याच्या टोकात बांधला आणि पुढे चालू लागला.

लोकांना ते आवडलं. "ओरिजनल करून राह्यले, भाऊ," मागून कोणीतरी म्हणालं.

अन्नपूर्णाबाईंनी माझं मनगट धरलं होतं. "त्यानं खडा घेतला."

आमच्याकडे गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस जीवखड्यात राहतो असं मानतात. दहाव्याला तो पाण्यात सोडतात.

"सवयीनं घेतला असन, बाई."

"सवयीनंच घेतला," त्या म्हणाल्या. "खोटं खोटं घेतला असता तं मले भेव नसतं वाटलं."

रंजूचे बाबा स्ट्रेचरवरून उठले. टाळ्यांचा कडकडाट झाला. हार घालून, अंगभर पांढरी माती घेऊन ते आमच्याकडे आले आणि रंजूपुढे हात पसरले. एरवी ती त्यांचा हॉर्न ऐकूनच उडी घ्यायची. आज तिने दोन्ही हात वर केले, पण ते त्यांच्याकडे नाहीत. त्यांच्या खांद्यावरून मागे, अर्ध्या उताराकडे.

"घाबरली," ते म्हणाले.

मलाही तसंच वाटलं.

त्या संध्याकाळी दाराची कडी वाजली. उघडून बघते तर हेच. दार नुसतं लोटलेलं होतं, तरी कडी वाजवली. ते आत आले, चप्पल पाहुणे काढतात तशी बाहेरच्या पायरीपाशी काढली आणि खुर्चीच्या कडेला बसले. बॉम्बच्या आवाजाने यांच्या कानात दडे बसलेत, अंग दुखतंय, असं मी मनाशी म्हटलं. पाणी दिलं. "राहू द्या, कशाला त्रास," म्हणाले.

सहा वर्षांत ते मला कधी अहो-जाहो बोलले नव्हते.

मी चेष्टा समजून हसले. ते हसले नाहीत; पण रागावलेही नाहीत. त्यानंतर ते कशावरच रागावले नाहीत. भाजीत मीठ जास्त पडलं तरी निमूट जेवायचे. कांदा कुठे ठेवता, विचारायचे. ड्यूटी चुकली नाही, गाडी नीट चालवली. डॉक्टरांनी कान तपासले, बीपी पाहिलं, सगळं नॉर्मल.

मी मोजत बसले नव्हते. रंजूच मला दाखवत होती.

सहाला शिफ्ट सुटायची. ते घरी येऊन बसलेले असत आणि ती त्यांच्यासमोरून दुडुदुडु दाराशी जाई. चौकट धरून उभी राही. रस्त्यावरून एकेक माणूस जाई, ती मान वळवून बघे. अंधार पडला की मागच्या खोलीत येऊन खिडकीकडे हात करी. "बाबा," म्हणे. खिडकीत ढिगारा.

"बाबा तिथी आहे नं, खुर्चीवर," मी तिला वळवायची. ती एकदा तिकडे बघे, आणि परत खिडकीकडे.

मी बापूजींना गाठलं. शहिदाचं काम आधी ज्यांनी केलं, त्यांना काही झालं होतं का, एवढंच विचारलं.

"काय व्हायचं? एकाले तं प्रमोशन भेटलं." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जयाबाई, हे श्रद्धांजलीचं काम आहे. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं अशी शंका काढावी?"

"आधी कोणी विसावा दिला होता काय? खडा उचलला होता?"

"नाई. पण यंदा तोच सीन हिट गेला. पुढच्या साली ठेवू आपण."

मी तारखा मोजल्या. सव्वीसपासून दहावा दिवस आजच होता, चार फेब्रुवारी.

रंजूला कडेवर घेतलं आणि निघाले. रामाजीचं गाव अडीच कोस. कोळशाच्या ट्रकांनी उकरलेला रस्ता, दोन्हीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर काळी धूळ. एवढंच ठरवलं होतं, की खडा मागायचा आणि जिथून उचलला तिथे नेऊन ठेवायचा. हे करून काय होणार, ते मला सांगता आलं नसतं. रंजू वाटभर माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. तिचा श्वास मानेला लागत होता आणि मी पाऊल उचलत होते.

रामाजी नदीकडून येताना दिसला. धोतर ओलं, डोक्यावरून पाणी गळत होतं.

"रामाजीभाऊ, तो खडा कुठी आहे?"

तो थांबला. त्याला तोंड चुकवता आलं नाही.

"आताच सोडून आलो, बाई."

"काऊन?"

"हातानं उचलल्या गेला. घरी आल्यावर उपरण्यात दिसला, तवा मलेच घाम फुटला. फेकून कसा देऊ? उचललेला खडा घरात ठेवता येत नाई, वाटेवर टाकता येत नाई." तो ओल्या हातांकडे बघत होता. "मंग दहा दिवस दिवा लावला. आज नेमानं सोडला. काही कमी नाई केलं, बाई. नाव घेऊन सोडला."

"कोणाचं नाव?"

"मिथुनचंच नं."

मी काठापर्यंत गेले. वर्धा नदीचं पाणी हिवाळ्यात उतरलेलं असतं, खडकांमधून हळू जातं. पाण्यावर कुठेच काही दिसत नव्हतं.

रंजूने पाण्याकडे दोन्ही हात केले.

मी तिला घट्ट धरून ठेवलं. बराच वेळ तिने हात तसेच ठेवले.

मग खाली घेतले. माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. घरी येईपर्यंत उचललं नाही.

सहा वाजले होते. कडी वाजली. ते आत आले आणि खुर्चीच्या कडेला बसले.

रंजू दाराशी गेली नाही. खिडकीकडेही गेली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहून तिने त्यांच्याकडे पाहिलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग चालत गेली आणि आपणहून त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने मान वर केली.

"काका," म्हणाली.

"ओ," ते म्हणाले, आणि तिला मांडीवर घेतलं.