तिसरी पापणी

"शेळ्या विकायच्या नाहीत!" फाटकाशी उभ्या असलेल्या उंच माणसाला तिने गोठ्यातूनच सुनावलं.

"विकत घ्यायला नाही आलो. मला फक्त त्यांच्या डोळ्यांत बघायचंय."

"आधी माझ्याकडे बघून बोला."

त्याने बघितलं... आणि पुढचं बोलणंच विसरला. तिला खुदकन हसू आलं.

तो जनावरांचा डॉक्टर निघाला. तिने गेल्या वर्षी ज्या कळपातून दोन शेळ्या आणल्या होत्या, त्या कळपात मेंदू पोखरणारा रोग सापडला होता. इलाज नसलेला. तिचं हसू मावळलं. शेळ्यांच्या दुधावर तिने आईचं आणि स्वतःचं घर एकटीने सावरलं होतं.

"मेंदूतलं जिवंतपणी कसं कळणार?"

"पूर्वी मेल्यावरच कळायचं. आता डोळ्याच्या कोपऱ्यातल्या आतल्या, तिसऱ्या पापणीचा कणभर तुकडा पुरतो. थेंब टाकून डोळा बधिर करतो, दुखत नाही. तुम्ही फक्त डोकं घट्ट धरा."

"मी धरलेलं सहसा सुटत नाही, डॉक्टर."

"ते... दिसतंय."

एकेक शेळी ती गुडघ्यांत धरत गेली. तो चिमट्याने पापणी अलगद उचलायचा, श्वास रोखून. त्याची बोटं तिच्या मनगटाला लागायची, आणि दोघंही शेळीकडेच बघत राहायचे.

आठवड्याने तो पुन्हा हजर!

"एकीचा तुकडा अपुरा पडला."

"खरंच पडला, की—"

"खरंच! म्हणजे... नसता पडला, तरी आलोच असतो."

दारात उभी असलेली आई गालातल्या गालात हसत चहा टाकायला वळली.

तिसऱ्या खेपेला मात्र तो गाडीतून उतरला तोच पडलेल्या चेहऱ्याने.

"कोण?" तिने थेट विचारलं.

"पांढरी. विकत आणलेल्यांपैकी. तिला न्यावं लागेल."

ती पांढरीजवळ बसली, मान खाजवत राहिली. मग उठली आणि दोर धरून स्वतःच तिला गाडीपर्यंत घेऊन गेली. डोळे पुसले ते गाडीची मागची फळी लावून झाल्यावर. तो जवळ उभा राहिला.

"फोनवर सांगता आलं असतं," ती म्हणाली.

"आलं असतं. पण मग तुम्हाला ते एकटीने ऐकावं लागलं असतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"बाकीच्या?"

"आज तरी कुणातच काही सापडलं नाही. पण हा रोग दबा धरून बसतो. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं."

"सहा महिने यायचं नाही?"

"नियमाने... तसंच."

"आणि नियम सोडून?"

त्याचे कान लाल झाले. "उद्या संध्याकाळी आलो तर—चालेल?"

"ये," ती म्हणाली, पहिल्यांदाच अहोजाहो सोडून. "पण शेळ्यांचं निमित्त करून येऊ नकोस. माझ्यासाठी ये."

"तुझ्यासाठीच येतोय," तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासून."