खिळ्यावरचं शिंग

काय म्हणालास ब्रोडी? परत बोल. "नदीला पाणी आलं होतं म्हणून सांग, बायको काय बघायला येतेय?" असंच ना?

हसू नकोस. आणि तामा, तूही दात काढू नकोस. तुझ्या बायकोला, एरीनाला, नववा महिना लागलाय. उद्या दुपारी घरी येतो म्हणून तिला शब्द देऊन आलायस, आणि इथं झोपडीत बसून शिकारीची आणखी एक संध्याकाळ कशी पदरात पडेल ते बघतोयस. वर हा दोस्त तुला युक्त्या शिकवतोय. ही युक्ती याची नाही रे. माझी आहे. तुम्ही दोघं पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता तेव्हा मी ती काढली, आणि आजही आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेगडीत लाकूड घाल आणि गप ऐक. सेल्विनची गोष्ट सांगतो. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. मेंढ्यांची लोकर कापायचा, दिवसाला अडीचशे मेंढ्या हातावेगळ्या करायचा. या रुआहिनेच्या डोंगरात त्याच्याइतकं हलकं पाऊल कुणाचं नव्हतं. आणि त्याच्याइतका नालायक नवराही नव्हता. माझा जिवलग दोस्त होता, म्हणून बोलतोय.

साधं काम होतं. फ्रीजरमधलं मांस संपलं होतं. एक हरीण मारून आणायचं, बस. गुरुवारी निघायचं आणि शनिवारी संध्याकाळी सहाला घरी. साल दोन हजार नऊ. शनिवार, अकरा एप्रिल, दुसऱ्या दिवशी ईस्टर. तीच सेल्विनच्या लग्नाची तारीख. दहा वर्षं पुरी होणार होती.

एप्रिलमध्ये शिकाऱ्यानं लग्न करायचं नसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. हरणांचे नर माजावर आलेले, डोंगर सगळा डुरकण्यानं भरलेला, कोण घरी बसणार? पण त्याची बायको नायरी शहरातली. तारीख तिनं काढली, आणि हा प्रेमात आंधळा झालेला, काही बोललाच नाही. मग काय, लग्नाच्या आधीच्या नऊ वाढदिवसांपैकी आठांना ती एकटी जेवली.

तोंडाची मात्र फटकळ. एकदा माझ्यासमोर त्याला म्हणाली, "हरणं वर्षातनं तीन आठवडे माजावर येतात. तुझं बाराही महिने चालतं."

तो हसला. तो नेहमी हसायचा, त्याचाच मला आता राग येतो.

तसा त्यांनी आपला एक मार्ग काढला होता. त्याच्याकडं एक गाईचं शिंग होतं, बापाच्या वेळचं. तोंडाशी एक चरा होता, त्याच्या पुढच्या तुटक्या दाताचा. ते फुंकून तो असा डुरकायचा की खरा नर चवताळून समोर यायचा. डोंगरातनं परतताना घरासमोरच्या उतारावर गाडी थांबवायचा, नदी ओलांडायच्या आधी तीनदा शिंग फुंकायचा. नायरी व्हरांड्यातला दिवा लावायची, बटाटे भाजायला टाकायची. मग दाराशेजारी एक खिळा होता, त्याला शिंग टांगायचं. ती म्हणायची, "शिंग खिळ्यावर असेल तोवर नवरा माझा. खाली निघालं की डोंगराचा."

त्या गुरुवारी त्यानं शिंग काढलं तेव्हा ती दारात उभी होती. म्हणाली, "सेल्विन, सहा म्हणजे सहा. या वेळी जेवण झाकून ठेवणार नाही. कुत्रीला घालीन."

"सहा म्हणजे सहा, राणी."

शनिवारी दोनला आम्ही निघायला हवं होतं. तीन तास उतरायचं, तासभर गाडी. त्यानं पाठीवर पिशवी चढवलीसुद्धा होती. आणि समोरच्या दरीतनं एक डुरकणी आली. जाड, घोगरी. म्हातारा नर.

सेल्विन माझ्याकडं बघत राहिला. खरं सांगतो, तो निघाला असता. मी म्हणालो, "एवढी एक संध्याकाळ. नदीला पाणी आलं होतं म्हणून सांग."

त्यानं पिशवी खाली ठेवली.

साडेतीन तास तो त्या आवाजाशी बोलत होता. हा फुंकायचा, तो उत्तर द्यायचा. हा जरा खाली सरकायचा, तो जरा वर. मी कड्यावर बसून ऐकत होतो आणि मला मजा वाटत होती. तुम्हाला कळलं असेल. दरीत नर नव्हता. बावीस वर्षांचं एक पोरगं होतं, प्लॅस्टिकची नळी घेऊन. ते सेल्विनला नर समजत होतं, सेल्विन त्याला. दोघंही पटाईत, म्हणून दोघंही फसले.

सहाला वीस मिनिटं कमी असताना गोळी वाजली. एकच.

मी खाली पोचलो तेव्हा सेल्विन गेला होता. ते पोरगं गुडघ्यावर बसून ओकत होतं. मी त्याला मारायला हात उचलला… आणि खाली घेतला. कुठल्या तोंडानं मारणार? त्याला रस्त्याकडं पळवलं, पोलिसांना सांगायला. धुकं उतरलं. मी रात्रभर प्रेतापाशी बसलो. एकच गोष्ट करायची होती, शिंग त्याच्या हातात द्यायचं होतं. टॉर्चची बॅटरी संपेपर्यंत नेच्यांच्या रानात हातांनी चाचपत होतो. सापडलं नाही.

आता घरी काय झालं ते ऐका. हे नायरीनं मला सांगितलंय.

सहा वाजले. सात वाजले. आठला तिनं मटण खरंच कुत्रीपुढं टाकलं. मग हातोडी घेतली, उलटी करून दाराशेजारचा खिळा उपटला आणि अंधारात गवतात भिरकावला. टांग आता कुठं टांगतोस ते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी उतारावरनं शिंग वाजलं.

एकदा. दोनदा. तीनदा.

तिनं दिवा लावला नाही. लागलेला होता तो घरातलाही विझवला. बाहेर येऊन ओरडली, "पाणी घोट्याइतकं आहे! यायचं तर ये, नाहीतर मर तिकडंच!"

हे तिचे शब्द. तिनंच सांगितलेत.

पलीकडं गाडीचा दिवा नव्हता. इंजिनाचा आवाज नव्हता. पाण्यात मात्र कुणीतरी चालत होतं. हळू… ओढत…

तिनं आत जाऊन कडी लावली.

पायऱ्या वाजल्या. एक. दोन. तीन. कुत्री टेबलाखाली शिरली. तोंडातलं हाड तसंच टाकून.

दारापलीकडं कुणीतरी उभं होतं. ओल्या कपड्यांतनं पाणी फळ्यांवर ठिबकत होतं. ती म्हणाली, "शेडमध्ये झोप. दार उघडणार नाही."

काही नाही…

"दहा वर्षं, सेल्विन. आज तरी बोल काहीतरी."

मग ठक. ठक. ठक. दाराशेजारी. भिंतीवर. तिला वाटलं, रागानं मूठ आपटतोय. आपट म्हणाली. आणि कानावर उशी घेऊन झोपली.

पहाटे सहाला परत दार वाजलं. ती तोंडात शिवी घेऊनच उठली. बाहेर पोलीस होते.

आपल्याकडं तीन दिवस प्रेताला एकटं ठेवत नाहीत, आणि मेलेल्याशी तोंडावर बोलायचा सगळ्यांना हक्क असतो. पण नायरी बोलली तसं मी कुणाला बोलताना ऐकलं नाही. शवपेटीच्या कडेला हात आपटत होती. "लबाडा! सहा म्हणालास! आता कुणाला शिव्या देऊ रे मी?" म्हाताऱ्या बायकासुद्धा तिला आवरायला उठल्या नाहीत. मग ती माझ्याकडं वळली. "पाओरा, दोनला निघणार होता तुम्ही. का थांबलात?"

सगळं गाव बसलेलं. समोर तो पेटीत. आणि माझ्या तोंडून काय निघालं ठाऊक आहे?

"नदीला पाणी आलं होतं."

ती ओरडली नाही. हळू म्हणाली, "पाओरा, ती नदी माझ्या दारावरनं जाते."

पुरून आल्यावर मी तिच्या घरी गेलो. सगळं कबूल केलं. माझाच शब्द, माझीच युक्ती. मला वाटलं ती मारेल. मार खायलाच गेलो होतो. तिनं चहासुद्धा विचारला नाही. म्हणाली, "तुला माफ करणार नाही. मलाही नाही. तो दारात उभा होता आणि मी कडी काढली नाही." आणि मला हाताला धरून व्हरांड्यात आणलं…

नाही, थांब. लाकूड नको घालू आता.

…दाराशेजारी, पूर्वीच्याच भोकात, खिळा ठोकलेला होता. मातीनं माखलेला, गवताची काडी अडकलेली. खाली फळीवर नदीतला एक गोटा पडला होता. आणि खिळ्याला शिंग टांगलेलं.

मी हात लावला नाही. वाकून फक्त तोंडाशी बघितलं.

चरा होता.