कंदील विझल्यावर

“तुमचा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे,” तो म्हणाला.

अनोळखी माणूस, पहिलीच भेट, आणि तोंडातून निघालेलं पहिलं वाक्य हे. तिचा पॉपकॉर्नचा पुडा हातातच राहिला. ती नुकती कुठे खुर्चीत टेकली होती. स्टेडियम निम्म्याहून जास्त भरलं होतं, कलतं ऊन समोरच्या वरच्या रांगांवर रेंगाळत होतं, आणि शेजारचा हा गृहस्थ तिच्या कानांकडे विकत घ्यायचे असल्यासारखा टक लावून बघत होता.

“काय म्हणालात?”

“राग मानू नका. धंद्याची सवय. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मी कानाची यंत्रं बसवतो. दिवसभर कानच बघतो, माणूस नंतर दिसतो.” त्याने खिशातून डबी काढली. आत मऊ, नारिंगी बोळे होते. “समोरचे स्पीकर बघितलेत ना? घरी जाईपर्यंत कानात शिट्ट्या वाजतील. हे घाला. डाव्याला मोठा लागेल… म्हणजे, किंचित मोठा.”

आपली नायिका काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. तिने त्याचा चेहरा नीट न्याहाळला. डोळे हसरे, केस विस्कटलेले, आणि—

“तुमचा वरचा पुढचा दात खोटा आहे,” ती म्हणाली. “ज्याने केलाय त्याचा रंग चुकलाय.”

त्याने तोंड झटकन मिटलं. आता चाट पडायची पाळी त्याची होती.

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी दात बनवते. कवळ्या, दातांवरच्या टोप्या, लागेल ते. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी त्यावर दात बसवते. दिवसभर दातच बघते.”

“आणि माणूस?”

“माणूस बहुतेक दिसतच नाही,” ती म्हणाली. “आज दिसला.”

हे आपण बोललो? तिचं तिलाच नवल वाटलं. तो मात्र खळखळून हसला, चुकलेल्या रंगाच्या दातासकट. तिलाही हसू फुटलं… आणि सवयीने तिचा हात तोंडावर गेला.

या हाताची गोष्ट आधी सांगायला हवी. तिचं हसणं वाईट होतं. निदान तिला तसं सांगण्यात आलं होतं. आधी नाकातून एक फुर्र, मग पायऱ्या चढत जावं तसं वर वर, आणि शेवटी उकळत्या किटलीची शिट्टी. शाळेत पोरं वळून बघायची. आई डोळे वटारायची, “हळू हस. लोक काय म्हणतील?” मोठेपणी एकजण आवडला, जवळजवळ ठरलंच होतं, तर एका हॉटेलात ती मनसोक्त हसली आणि तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, “तू नेहमीच अशी हसतेस?” तो गेला, त्याच्यामागोमाग हसणंही गेलं. तेव्हापासून तोंडावर हात ठेवायचा आणि आवाज गिळायचा हे अंगवळणी पडलं. आणि खरं दुखणं वेगळंच होतं. कुणी जरा आवडायला लागला की तिला आधी भीती वाटायची, हा एक दिवस आपलं हसणं ऐकेल.

“हात कशाला?” त्याने विचारलं. “दात तर छान आहेत.”

“दात छान आहेत. आवाज वाईट आहे.”

“आवाज वाईट नसतो हो. ऐकणाऱ्याचे कान बिघडलेले असतात. मी रोज दुरुस्त करतो.”

“कोण आहे गं?” पलीकडून आईने विचारलं.

आई मुख्याध्यापिका होती. आता निवृत्त झाली होती, पण बसायची अजून तशीच, परीक्षेवर देखरेख केल्यासारखी ताठ. आणि आज तिने इथे असणं हाच मुळात घरातला सगळ्यात मोठा धक्का होता. तिकिटं बाबांनी काढली होती, स्वतःसाठी आणि लेकीसाठी. सत्तरी ओलांडलेल्या त्या रॉक गायकाला चाहते लाडाने ‘म्हातारा’ म्हणत, आणि बाबा तर त्याच्यावर जीव टाकत. आईला मात्र त्याचं नावही खपत नसे. रेडिओवर त्याचं ‘कंदील’ हे गाणं लागलं की ती उठून खटकन बटण बंद करायची. पण आज दुपारी बाबांची कंबर धरली. ते पलंगावर आडवे झाले आणि कण्हत म्हणाले, “ठमीला त्या गर्दीत एकटीला नको पाठवू. तू जा.” ठमी तिशीला आली होती, पण बाबांपुढे कोण बोलणार?

“‘कंदील’ सुरू झालं की मी बाहेर जाऊन उभी राहणार,” आईने निघतानाच बजावलं होतं. “का, ते विचारायचं नाही.”

“कानवाले आहेत,” ठमी आता म्हणाली. “बोळे देतायत.”

“काकू, घ्या ना,” तो वाकून म्हणाला. “तुमचे दोन्ही कान अगदी सारखे आहेत.”

आईने त्याला क्षणभर जोखलं. मग बोळे घेतले, कानात घातले आणि डोळे मिटून बसली. ठमीनेही आपले घातले.

म्हातारा आला तो काठी टेकत. एवढं मोठं स्टेडियम एकदम गप्प झालं. ठमी पुढे वाकली. हा गाणार? याला तर धड चालवत नाही. त्याने काठी ढोलवाल्याच्या हातात दिली, स्टुलावर बसला, गिटार मांडीवर घेतली. “गुडघे गेलेत,” तो माइकवर म्हणाला. “गळा आहे.” आणि पहिला झणत्कार असा आला की तिच्या पुड्यातले पॉपकॉर्न उडाले. तिने छातीवर हात ठेवला. समोरच्या रांगेतला टाय लावलेला टकलू माणूस खुर्चीवर चढून टाय गरागरा फिरवू लागला. त्याच्या शेजारच्या आजीबाई ओरडत होत्या, आणि काय ओरडत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन गाण्यांच्या मध्ये कानवाला काहीतरी बोलायचा. तिला ऐकू यायचं नाही. मग तो हळूच तिच्या डाव्या कानातला बोळा काढायचा, बोलायचा आणि परत घालायचा. त्याची बोटं कानाच्या पाळीला लागली की तिला गाण्याचे शब्द कळेनासे व्हायचे. पुढे पुढे तर, खरं सांगायचं तर, ती ऐकू येत असूनही “काय?” म्हणू लागली.

“तुम्हाला एक सांगू?” तो म्हणाला. “मी गाण्यांसाठी येत नाही. एका मुलीसाठी येतो.”

तिने आजूबाजूच्या रांगांवर नजर फिरवली. “कुठे आहे ती?”

“काय माहीत. आता साठीला आली असेल.”

“साठीला?”

“आपण जन्मायच्याही आधीची गोष्ट. ‘कंदील’ त्याने अशाच स्टेडियममध्ये गायलं, तिथेच त्याचं रेकॉर्डिंग झालं. ‘कंदील विझवतो’ म्हणून तो थांबतो ना, त्या शांततेत कुणीतरी मुलगी हसली. ते हसणं रेकॉर्डमध्ये तसंच राहिलं. माझा मामा ती रेकॉर्ड लावायचा आणि मी त्या हसण्याची वाट बघत बसायचो. शाळेत जायच्या वयात प्रेमात पडलो हो मी. आवाजाच्या.”

“वेडे आहात.”

“एकटा नाही. बघालच तुम्ही. पण खरंच ऐकलेलं नाही?”

“मैत्रिणीकडे ऐकलंय. स्टुडिओतलं.”

“त्यात ती नाही.” त्याने बोळा परत तिच्या कानात घातला, पण हात मागे घ्यायला जरा वेळच लावला.

दिवस मावळला होता. म्हातारा पाणी प्यायला. कानवाल्याने खूण केली तशी ठमीने दोन्ही बोळे काढून ठेवले. “आता जे गाणं आहे,” तो म्हणाला, “त्यातली सगळ्यात सुंदर जागा माझी नाही. ती जिची आहे, तिला मी कधी भेटलो नाही.”

पहिले सूर ऐकताच आई ताडकन उठली. पण जाणार कुठून? सगळे उभे होते, हजारो फोनचे दिवे वर लागले होते, पायांत पिशव्या होत्या. ती ठमीला ओलांडून कानवाल्यापर्यंत पोचली आणि तिथेच अडकली. “जाऊ द्या हो,” ती म्हणत होती. आपलाच आवाज आपल्याला कळेना म्हणून तिने कानातले बोळे उपसून काढले. तेवढ्यात म्हातारा हळूच म्हणाला, “कंदील विझवतो…” आणि सगळ्या स्टेडियममधले दिवे एकाच वेळी गेले.

अंधार. श्वाससुद्धा ऐकू यावा अशी शांतता.

मग ते सगळे हसले. नाकातून एक फुर्र, मग वर वर, आणि शेवटी किटलीची शिट्टी.

ठमीने आधी स्वतःचं तोंड चाचपलं. तिचं हसणं. तिचं स्वतःचं, लपवलेलं, गिळलेलं हसणं हजारो गळ्यांतून येत होतं. पहिल्यांदा तिला वाटलं, हे आपल्याला चिडवतायत, त्या हॉटेलातल्याने सगळ्यांना सांगितलं. पण डोळे अंधाराला सरावले तसं चांदण्यात दिसलं, कुणी चिडवत नव्हतं. टायवाला टकलू डोळे मिटून, मान वर करून ती शिट्टी साधायचा प्रयत्न करत होता. आजीबाईंना ती बरोब्बर जमली. शेजारी कानवाला हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

तिने आईकडे पाहिलं. आईने आधारासाठी कानवाल्याची बाही घट्ट धरली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अजून…” आई पुटपुटली. “अजून हसतात?”

आणि ठमीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रेडिओचं बटण. वटारलेले डोळे. लोक काय म्हणतील. लोक काय म्हणत होते ते समोर दिसतच होतं की. तिच्या पोटातून काहीतरी उसळून वर आलं, हात तोंडाकडे निघाला होता पण वेळेवर पोचला नाही, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर, पुन्हा पसरलेल्या त्या शांततेत ती एकटी हसली. पहिल्या फुर्रपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, काहीही न गिळता.

म्हाताऱ्याची बोटं तारांवरच थांबली. त्याने अंधारात त्यांच्या दिशेला पाहिलं.

“आलीस का गं?” तो माइकवर अगदी हळू म्हणाला.

मग त्याने गाणं पुढे सुरू केलं, पण दोन ओळी त्याला नीट गाता आल्या नाहीत.

कानवाला आ वासून उभा होता. “तुम्ही?”

“मी नाही,” ठमी रडत होती की हसत होती ते तिलाही कळत नव्हतं. तिने बोट दाखवलं. “ही.”

कार्यक्रम संपल्यावर आई फाटकाजवळच्या पायरीवर बसली. कानवाल्याने पाण्याची बाटली आणून दिली आणि बाजूला उभा राहिला.

“माझा काय दोष होता?” आई म्हणाली. “गाणं थांबलं, सगळीकडे शांत, आणि शेजारच्या माणसाचं पोट वाजलं. एवढ्या मोठ्यांदा! मला हसू आवरलं नाही. सगळे वळले. हा गायकही वर बघायला लागला, मला वाटलं, चिडलाय. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, कुणा अडाणी मुलीने गाण्याचा विचका केला म्हणून. आणि तू पहिल्यांदा तशी हसलीस ना, तेव्हा छातीत धस्स झालं माझ्या. म्हटलं, हिला तरी लोकांनी हसू नये.”

ठमीने तिचा हात हातात घेतला. रागवावं की काय करावं, तिला कळेना. “आणि तो शेजारचा माणूस?”

“त्याच्याशी लग्न केलं मी.”

ठमी मटकन खाली बसली. तिला आजवर सांगितलं होतं की आईबाबांचं लग्न मामाने जुळवलं. तिने तिथूनच घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“बाबा, कंबर कशी आहे?”

“कसली कंबर? …हां. आहे, आहे. बरी आहे.” बाबांचा आवाज खाली आला. “ऐकलं का गं तिने?”

“बाबा, तुम्ही मुद्दाम—”

“मग काय करू? सांगायला गेलो की उठून जायची. म्हटलं, एकदा स्वतःच्या कानांनी ऐकू दे.”

आईने फोन ओढून घेतला. “घरी येते, मग बघते तुमच्या कमरेकडे,” ती म्हणाली. आवाज मुख्याध्यापिकेचा होता, पण डोळे पुसत होती. फोन ठेवून ती कानवाल्याकडे वळली. “अहो, जेवलात का?”

“नाही, काकू.”

“मग जपून. आमच्याकडे पोट वाजलं की माणूस घरातलाच होतो.”

आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली. इतक्या वर्षांनी, किटलीसकट. कानवाला डोळे मिटून ऐकत राहिला.

ठमीला आईसाठी आनंद झाला आणि स्वतःसाठी थोडं वाईट वाटलं. ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, “भेटली तुमची मुलगी. झालं ना मनासारखं?”

“अडचण झालीये.”

“कसली?”

“मी ते हसणं लहानपणापासून ऐकतोय. झोपेतही ओळखेन. आणि आज अंधारात जे ऐकलं… ते तसं नव्हतं.”

तिचा चेहरा उतरला. “नव्हतं?”

“शेवटची शिट्टी जरा जास्त लांब आहे. तुझी.” तो अडखळला. “तू म्हटलं तर चालेल ना? म्हणजे… मला ती जास्त आवडली. रेकॉर्डमधल्यापेक्षा. मला ती रोज ऐकायला आवडेल.”

आईने पायरीवरून उठून साडी झटकली. दोघांकडे एकदा पाहिलं. मग पर्समधून नारिंगी बोळे काढले, दोन्ही कानांत नीट दाबून बसवले आणि पुढे चालू लागली.

ठमीला हसू फुटलं. हात सवयीने तोंडाकडे निघाला, तर त्याने तो वाटेतच धरला आणि सोडला नाही. मग ती हसली. येणारेजाणारे वळून बघू लागले, बघोत.

पुढे चालणाऱ्या आईने मागे वळून पाहिलं नाही. पण कानांत बोळे असूनही तिचे खांदे हलत होते.