चारशे ग्रॅम

“आपाचं नाव?” हातातला पेढा तसाच धरून जन्नत हसली. “रतनभाऊ, आपा पोरींना काय शिकवणार? काट्यावर जायच्या आधी पाणी कसं प्यायचं ते?”

ओसरीवर जमलेली माणसे हसली. सात वर्षे घरात नि गल्लीत फिरून गुळगुळीत झालेला तो विनोद. त्याला हसण्यासाठी आता कोणाला विचारही करावा लागत नसे. पाहुण्यांना पाणी देणाऱ्या थोरल्या बहिणीचा, नूरचा, हात क्षणभर थबकला... आणि पुन्हा पुढे सरकला. सवयीचे दुःख ते. त्याला आसवेसुद्धा आळसाने येत!

टाकवे बुद्रुकने त्या सकाळी आपल्या लेकीचा, वेटलिफ्टिंगमध्ये राष्ट्रीय पदक जिंकलेल्या आणि त्या पदकाच्या बळावर रेल्वेत नोकरीला लागलेल्या जन्नतचा, शाल-श्रीफळ देऊन गौरव केला होता. चौकातल्या फलकावर तिचा चेहरा पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांमधून मोठ्या कष्टाने वाट काढीत होता. समारंभ आटोपल्यावर व्यायामशाळेचे चिटणीस रतनभाऊ एक कागद घेऊन घरी आले होते. मुलींच्या वर्गासाठी मार्गदर्शिका हवी होती, आणि जन्नत सुचवील ते नाव समिती मान्य करणार होती. कारखान्यातल्या पॅकिंगच्या ओळीत उभे राहून सत्ताविशी गाठलेल्या नूरने गेल्या सात वर्षांत स्वतःसाठी मागावी अशी हीच एक गोष्ट होती... आणि तीही तिने तोंडाने मागितली नव्हती.

“रोज पहाटे व्यायामशाळेचं कुलूप तीच काढती, ताई,” रतनभाऊ चाचरत म्हणाले. “पोरी तिचंच ऐकत्यात.”

“ऐकू द्या. निवडचाचणीच्या दिवशी रमजान होता, रोजा माझापण होता. मी कोरड्या घशानं वजन उचललं, आन् हिला दम निघंना! चारशे ग्रॅम जास्त भरली. ‘अजून वेळ आहे, धावून घाम काढ,’ म्हणून सर वरडत होते, तर ही बाकावर दगडागत बसून राहिली.” जन्नतचा आवाज एकाएकी चिरकला. “हिच्यामागं चालत मी या खेळात आले, भाऊ... मला लय लाज वाटली हिची.”

नूरला त्या शब्दांत तेव्हाची सोळा वर्षांची जन्नत हुंदके देताना ऐकू आली. जिने आपल्याला देव्हाऱ्यात बसवले होते, तिच्या नजरेतून आपण किती खाली उतरू, याचा विचार करण्याइतके त्राणही त्या दिवशी नूरमध्ये उरले नव्हते.

चाचणीच्या आदल्या दुपारी संघटनेचे पत्र आले होते. दोघी बहिणी पंचावन्न किलोच्या एकाच गटात, आणि गटात जागा एकच. नूर पहिली येणार, जन्नत दुसरी, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होते. पत्राच्या तळाशी एक ओळ होती : निवड झालेल्या खेळाडूने प्रवास, निवास, आहार व गणवेश यांचा खर्च स्वतः करावयाचा आहे. किती निर्मळ, किती निर्विकार भाषा! ज्या हाताने ती लिहिली, त्याला आपण कोणाच्या ताटातली भाकरी उचलतो आहोत याची शंकाही शिवली नसेल. सोमाटणे फाट्यावर गोण्या वाहणारे अब्बा, नसीर, त्या वर्षी कंबर धरून अंथरुणाला खिळले होते. नूर निवड होऊन शिबिराला गेली असती, तर तिच्या दूध-अंड्यांसाठी जन्नतला शाळा सोडून कारखान्यात उभे राहावे लागले असते. जन्नत गेली, तर कारखान्यात नूर उभी राहू शकत होती. संघटनेने गुणवत्तेची चाचणी दुसऱ्या दिवशी ठेवली होती. दारिद्र्याने आपली निवड आदल्या दुपारीच उरकली!

“लिहा दुसरं कुणाचं तरी,” जन्नत म्हणाली.

“थांब गं!”

स्वयंपाकघराच्या दारात अम्मी उभी होती. अमिना पदराला हात पुसत पुढे आली.

“अम्मी, नको...” नूर कळवळली. “शपथ घातलीय मी तुला.”

“सात वर्सं पाळली. आता खुदालाच जाब दीन.” अमिना धाकट्या लेकीकडे वळली. “जन्नत, भुलून पानी पोटात गेलं, तर रोजा तुटतो?”

“न्हाई.”

“ही समद्यांला काय म्हनली होती?”

“भुलून प्यायले म्हणाली.”

“मग हिनं साठ रोजे कशाचे ठेवले?”

ओसरीवरचे हसू विझले. जन्नतच्या हातातला पेढा खाली पडला. रतनभाऊंना अर्थ लागला नाही. पण तिला लागला. जाणूनबुजून मोडलेल्या एका रोज्याचे प्रायश्चित्त, त्याचा कफ्फारा, म्हणजे सलग साठ रोजे!

“कधी?” ती पुटपुटली.

“तू शिबिरात होतीस तवा. मधी ईद येऊ ने म्हनून बकरीद उलटल्यावर धरले. अडचनीचे दिस सोडून साठ. पहाटं मीच उठवायचे. दिसभर उपाशी, कारखान्यात उभी. मौलाना म्हनले, झेपत नसंल तर साठ गरिबांला जेवू घाला... आगं, त्या रांगंत पयले आपुनच बसलो असतो!” अमिनाने नूरकडे बोट दाखवले. “तहानलेलं मानूस दोन घोट पितं, पोरी. काट्याच्या दारात उभं ऱ्हाऊन आख्खी बाटली घटाघटा रिचवत न्हाई. सरळ माघार घेतली असती, तर तू एकली गेली नसतीस. तुझ्या ताटासाठी हिनं इमान मोडलं, आन् हितं तू हिलाच...”

जन्नत उठली. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार डोक्यावर तोलणारे ते खांदे आज रित्या हवेखाली वाकले होते.

“आपा... त्या साठ दिवसांत मी काय करत होते गं?”

“जेवत होतीस,” नूर म्हणाली. तिच्या स्वरात रोष नव्हता. होता तो केवळ थकवा. “तुला जेवायलाच तर धाडलं होतं.”

जन्नत मटकन खाली बसली आणि बहिणीच्या पायांना मिठी मारून लहान मुलासारखी रडली. नूरचा हात तिच्या केसांवर गेला, इतकेच. सात वर्षांचा भार एका मिठीत उतरत नाही.

कितीतरी वेळाने जन्नतने कागद ओढला आणि डोळे पुसत नूरचे नाव लिहिले. रतनभाऊ खाकरले.

“मानधन मात्र न्हाई, ताई. समितीकडं तेवढं...”

“आन् पोरींची निवड झाली तर त्यांचा खर्च?”

“तो... ज्याचा त्यानं.” रतनभाऊंनी नजर वळवली. खुंटीला टांगलेली सकाळची शाल तेवढी झुलत होती.

“माझ्या पगारातून करीन मी,” जन्नत पुटपुटली.

“कितीजणींचा गं?” नूरने विचारले.

मग जन्नतने नूरच्या हातातला तांब्या काढून घेतला, पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

“आपा... पी.”

नूर सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ओसरीवर कोणी हसले नाही.